डॉ. मार्टिन ल्यूथर किंग : जीवन आणि वारसा
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेंत दिलेलें व्याख्यान)



ह्या व्याख्यानमालेंत आपण कोणाचें चरित्र सांगणार, असें महोत्सव समितीनें विचारलें, तेव्हां आम्हीं एका प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाचें नांव सांगितलें. त्यांतून नांव मार्टिन ल्यूथर! मंडळींच्या चेहऱ्यांवर जें आश्चर्य उमटलें तें आम्हांस स्पष्ट दिसलें. आपल्या ख्रिस्तसभेंत संतांची काय उणीव आहे, म्हणून ह्या मंगल प्रसंगीं दुसऱ्याच्या दारीं जावें? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर देऊनच पुढें जाणें योग्य होईल.

महोत्सव साजरा करण्याच्या चालीचें मूळ पवित्र शास्त्रांत, लेवीय ह्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत आहे. इस्राएल लोकांस अशी आज्ञा होती कीं, सात वेळां सात वर्षें लोटलीं म्हणजे पन्नासावें वर्ष पवित्र मानावें, देशभर शिंग फुंकावें, दास झालेल्यास मोकळें करावें, आणि गरिबीपायीं विकलेली जमीन मूळ कुटुंबास परत द्यावी. म्हणजे महोत्सव हा केवळ रोषणाईचा व मेजवानीचा दिवस नव्हे. ज्याचें जें हिरावलें गेलें, तें त्यास परत करण्याचें तें वर्ष होय. विसाव्या शतकांत हें शिंग ज्यांनीं फुंकलें, त्यांत डॉ. किंग ह्यांचें नांव अग्रभागीं आहे. ते आपल्या घराचे नसले, तरी आपल्याच प्रभूचे सेवक होते. तेव्हां आजच्या दिवशीं त्यांचें स्मरण अस्थानीं होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

किंग ह्यांचा जन्म अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांत, अटलांटा शहरीं, १५ जानेवारी १९२९ रोजीं झाला. त्यांचे मातामह व त्यांच्यामागून त्यांचे वडील हे दोघेहि तेथील एबेनेझर चर्चचे पाळक होते. मुलाचें नांव प्रथम मायकल असें ठेवलें होतें. वडील १९३४ सालीं बॅप्टिस्ट पंथाच्या परिषदेसाठीं जर्मनीस जाऊन आले, आणि त्यानंतर स्वतःचें व मुलाचें अशीं दोन्ही नांवें त्यांनीं बदललीं.

अमेरिकेंत गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें नष्ट झाली होती. आपल्या महाराष्ट्राचे जोतीराव फुले ह्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतील गुलामांस मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केलें, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु बेडी तुटली म्हणून माणूस मोकळा होतोच असें नाहीं. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांसाठीं शाळा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे, गाड्यांतील जागा वेगळ्या, आणि दफनभूमीहि वेगळी. मतदानाचा हक्क कागदावर होता. प्रत्यक्षांत नाना युक्त्यांनीं तो हिरावून घेतला जाई.

मार्टिन सहा वर्षांचा असतांना त्याचा एक गोरा सोबती होता. दोघे दररोज एकत्र खेळत. शाळेचे दिवस आले, दोघांच्या शाळा निराळ्या झाल्या, आणि एके दिवशीं त्या सोबत्यानें सांगितलें कीं, ह्यापुढें तुझ्याशीं खेळूं नको असें वडिलांनीं बजावलें आहे. मुलगा रडत घरीं आला. आईनें त्यास जवळ घेऊन गुलामगिरीचा सारा इतिहास सांगितला, आणि शेवटीं, तूं कोणाहूनहि कमी नाहींस, असें बजावलें. मातांनो, त्या एका संध्याकाळीं त्या माउलीनें जें पेरलें, त्याचें पीक पुढें सगळ्या देशानें पाहिलें.

पंधराव्या वर्षीं किंग मोरहाउस कॉलेजांत गेले. तेथून क्रोझर सेमिनरींत आणि पुढें बॉस्टन विद्यापीठांत त्यांनीं ईश्वरविज्ञानाचा अभ्यास केला. सेमिनरींत असतांना १९५० च्या सुमारास फिलाडेल्फिया येथें, हिंदुस्थानांतून नुकतेच परतलेल्या डॉ. मॉर्डेकाय जॉन्सन ह्यांचें महात्मा गांधींवरील व्याख्यान त्यांनीं ऐकलें, आणि लागलीच गांधींवरील पुस्तकें विकत घेऊन ते वाचूं लागले. शत्रूवर प्रीति करा, ही प्रभूची आज्ञा एका माणसानें दुसऱ्या माणसाशीं वागतांना पाळावी, एवढेंच तोंवर त्यांस वाटत असे. समाजाच्या समाजानें ती पाळून अन्यायाशीं झुंजतां येतें, हें त्यांस गांधींपासून उमगलें. डोंगरावरील प्रवचन ज्यानें ख्रिस्ती ह्या नात्यानें नव्हे, तर हिंदू राहून आचरिलें, त्याच्यापाशीं एका ख्रिस्ती पाळकानें तें पुन्हां शिकावें, ह्यांत आपणां सर्वांस विचार करावयास लावणारी एक गोष्ट आहे.

१९५४ सालीं ते अलाबामा राज्यांतील माँटगोमेरी शहरीं पाळक झाले. दुसऱ्या वर्षीं, १ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळीं, रोझा पार्क्स नांवाची बेचाळीस वर्षांची बाई शिवणकामावरून घरीं परतत होती. एका गोऱ्या उतारूस बसतां यावें म्हणून चालकानें तिच्या रांगेंतील चौघांस उठावयास सांगितलें. तिघे उठले, ती उठली नाहीं. तिला अटक झाली, व दंड झाला. ५ डिसेंबरपासून शहरांतील कृष्णवर्णीयांनीं बसवर बहिष्कार घातला आणि त्या चळवळीचें पुढारीपण सव्वीस वर्षांच्या ह्या नवख्या पाळकाकडे आलें. बसच्या उतारूंपैकीं सुमारें तीन चतुर्थांश हेच लोक होते. मोलकरणी, मजूर, म्हातारेकोतारे मैल मैल पायीं चालले; कोणी आपल्या मोटारी दिल्या; आणि हें एक-दोन दिवस नव्हे, तर ३८१ दिवस चाललें. अखेर सर्वोच्च न्यायालयानें बसमधील भेद बेकायदा ठरविला.

ह्या काळांतील दोन रात्री ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. जानेवारी १९५६ च्या अखेरीस एका मध्यरात्रीं दूरध्वनीवरून जिवे मारण्याची धमकी आली. किंग ह्यांस झोप येईना. ते स्वयंपाकघरांत जाऊन बसले. पत्नी व तान्ही मुलगी आंत निजलेल्या. आपलें धैर्य संपलें, आपण दुबळे आहों, असें त्यांनीं मोठ्यानें देवापाशीं कबूल केलें. आणि तेव्हांच, धर्मासाठीं व सत्यासाठीं उभा राहा, मी तुझ्यासोबत आहें, अशा अर्थाचा आवाज अंतःकरणांत उमटल्याचें त्यांनीं पुढें सांगितलें. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३० जानेवारीस, ते सभेंत असतांना त्यांच्या घरावर बाँब पडला. पत्नी व मूल सुखरूप राहिलीं. परंतु दारापुढें क्रुद्ध जमाव गोळा झाला, आणि कित्येकांच्या हातीं शस्त्रें होतीं. मोडलेल्या ओसरीवर उभे राहून किंग ह्यांनीं लोकांस शस्त्रें घरीं नेण्यास सांगितलें व शत्रूवर प्रीति करण्याच्या प्रभूच्या आज्ञेचें स्मरण दिलें. लोक परतले. व्यासपीठावरून ह्या वचनावर प्रवचन करणें सोपें आहे, हें आम्ही अनुभवानें जाणतों. स्वतःच्या मोडक्या ओसरीवरून तें करणें ही निराळी गोष्ट आहे.

१९५९ च्या फेब्रुवारींत ते पत्नी कोरेटा ह्यांच्यासह हिंदुस्थानांत आले. प्रथम त्यांचे पाय लागले ते आपल्या मुंबईस. रस्त्याच्या कडेला निजलेलीं माणसें पाहून त्यांचें मन कळवळलें. सुमारें एक महिना ते देशभर हिंडले. पंडित नेहरूंस भेटले. राजघाटावर त्यांनीं फुलें वाहिलीं. मुंबईंत गांधींच्या मणिभवनांत ते राहिले. ह्या प्रवासांतील त्रिवेंद्रमची एक गोष्ट त्यांनीं पुढें आपल्या चर्चमधील प्रवचनांत सांगितली. तेथील एका शाळेंत बहुतेक मुलें पूर्वी अस्पृश्य गणलेल्या कुटुंबांतील होतीं. मुख्याध्यापकांनीं पाहुण्यांची ओळख करून देतांना, हे अमेरिकेंतील आपले एक अस्पृश्य बंधु, असें म्हटलें. किंग ह्यांस क्षणभर धक्का बसला, रागहि आला. मग आपल्या देशांतील लक्षावधि बांधवांची स्थिति त्यांच्या डोळ्यांपुढें आली, आणि होय, मी अस्पृश्यच आहें, असें त्यांनीं मनाशीं कबूल केलें. महाडच्या चवदार तळ्याचें पाणी डॉ. आंबेडकरांनीं १९२७ सालीं ओंजळींत घेतलें, आणि माँटगोमेरीची बाई १९५५ सालीं आपल्या जागेवर बसून राहिली. ह्या दोन्ही गोष्टी एकाच कुळांतल्या आहेत.

आतां आम्ही अशा प्रसंगाकडे येतों, कीं जो सांगतांना आमची जीभ जड होते. १९६३ सालीं बर्मिंगहॅम शहरांत सत्याग्रह सुरू झाला. १२ एप्रिल, म्हणजे त्या वर्षींचा शुभ शुक्रवार, त्या दिवशीं किंग ह्यांस अटक झाली. त्याच सुमारास अलाबामांतील आठ धर्माधिकाऱ्यांनीं एक पत्रक काढलें. त्यांचा आशय असा कीं, मागण्या समजण्यासारख्या आहेत. परंतु निदर्शनें ह्या वेळीं योग्य नाहींत. धीर धरावा, न्यायालयांत जावें. त्या आठांत सात ख्रिस्ती होते, एक यहुदी धर्मगुरू होते. आणि त्या सातांत आपले एक कॅथोलिक सहायक बिशप, जोसेफ ड्युरिक, हेहि होते. ते दुष्ट नव्हते, सज्जन होते. तेंच तर दुःख!

किंग ह्यांनीं कोठडींत, वर्तमानपत्राच्या कडांवर, त्यांस उत्तर लिहावयास घेतलें. थांबा ह्या शब्दाचा अर्थ आमच्या बाबतींत बहुधा कधींच नाहीं असाच झाला आहे, असें त्यांनीं कळविलें. अन्याय्य कायद्याविषयीं लिहितांना त्यांनीं संत ऑगस्टीन व संत थॉमस अक्वायनस ह्यांचा आधार घेतला. म्हणजे आपल्याच आचार्यांची शिकवण त्यांनीं आपल्याच बिशपांपुढें ठेवली. जेथें श्रेय द्यावयाचें तेथें तें दिलेंहि : स्प्रिंग हिल कॉलेजांतील वर्णभेद मोडल्याबद्दल त्यांनीं त्या राज्यांतील कॅथोलिक पुढाऱ्यांची मुक्तकंठानें प्रशंसा केली. परंतु उघड द्वेष करणाऱ्यापेक्षां, न्यायाहून शांतताच ज्यास अधिक प्रिय, असा मवाळ सज्जन आम्हांस अधिक निराश करतो, असें त्यांचें म्हणणें होतें. बिशप ड्युरिक ह्यांच्याविषयीं एवढें सांगितलें पाहिजे कीं, पुढें टेनेसी राज्यांत गेल्यावर ते वंशसमतेचे उघड पुरस्कर्ते झाले आणि त्यासाठीं त्यांनीं लोकांचा रोषहि सोसला. पश्चात्तापास वाव असतो, हें त्यांनीं दाखविलें.

बंधुभगिनींनो, हें पत्र आम्हीं सेमिनरींत असतांना अभ्यासिलें होतें. परीक्षेंत त्यावर उत्तर लिहून चांगले गुणहि मिळविले होते. पुढें अभिषेक होऊन आम्ही एका खेड्यांत सहायक धर्मगुरू म्हणून गेलों. त्या पावसाळ्यांत तेथें एक वृद्ध विधवा वारली. तें कुटुंब घाटावरून मजुरीसाठीं आलेलें, बाप्तिस्मा घेऊन एकच पिढी झालेली. मिस्सा झाली, शवपेटी उचलण्याची वेळ आली, तिचे दोन मुलगे, नातू व एक शेजारी पुढें झाले. जुन्या घरांतील मंडळी देवळाच्या ओसरीवर छत्र्या मिटून उभी राहिली. दफनभूमींतहि खड्डा खणला होता तो मागच्या भिंतीलगत, पाणी सांचतें त्या बाजूस. आम्हीं एका वडीलधाऱ्या गृहस्थांकडे पाहिलें. ते हळूच म्हणाले, "फादर, होईल हळूहळू. तुम्ही नवे आहां. घाई करूं नका." आणि आम्हीं घाई केली नाहीं. प्रार्थना म्हटल्या, पवित्र पाणी शिंपडलें, व गप्प राहिलों. दुसऱ्या दिवशीं थोरला मुलगा साक्रिस्तींत आला. त्यानें कांहीं गाऱ्हाणें केलें नाहीं. आईच्या महिन्याच्या मिस्सेचे पैसे रुमालांतून सोडून मेजावर ठेवले आणि तो गेला. ज्या पत्रावर आम्हीं गुण मिळविले, तें आम्हांसच लिहिलेलें होतें, हें आम्हांस त्या वेळीं कळलें. हें आम्हीं बिशपांपाशीं नव्हे, तर पापनिवेदनांत देवापाशीं बोललों होतों. आज आपणांपुढें बोलत आहों.

पुढील कथा थोडक्यांत सांगतों. २८ ऑगस्ट १९६३ रोजीं वॉशिंग्टन येथें सुमारें अडीच लाख लोक जमले. त्या सभेची प्रारंभिक प्रार्थना कॅथोलिक आर्चबिशप पॅट्रिक ओबॉयल ह्यांनीं म्हटली. पुरते तीन आठवडे झाले नाहींत, तोंच १५ सप्टेंबरला, रविवारीं, बर्मिंगहॅमच्या एका चर्चमध्यें बाँब फुटून चार मुली मेल्या. २ जुलै १९६४ रोजीं नागरिक हक्कांचा मोठा कायदा झाला. त्याच सप्टेंबरांत पोप सहावे पॉल ह्यांनीं किंग ह्यांस व्हॅटिकनमध्यें भेट दिली. तेच पोपसाहेब त्या वर्षाच्या डिसेंबरांत आंतरराष्ट्रीय पवित्र मिस्सा महोत्सवासाठीं मुंबईस आले होते, आणि त्यांचें दर्शन घेतलेलीं वृद्ध माणसें आपल्या कुटुंबांतून आजहि भेटतात. १० डिसेंबरला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं, किंग ह्यांनीं शांततेचें नोबेल पारितोषिक स्वीकारलें, आणि त्याची सारी रक्कम चळवळीस दिली.

१९६५ च्या मार्चमध्यें सेल्मा गांवीं मतदानाच्या हक्कासाठीं निघालेल्या लोकांवर पोलिसांनीं लाठ्या चालविल्या. किंग ह्यांनीं धर्मसेवकांस हांक दिली, तेव्हां आपल्या कित्येक सिस्टर आपल्या झग्यांनिशीं तेथें जाऊन रांगेंत उभ्या राहिल्या. ६ ऑगस्टला मतदानाचा कायदा झाला. परंतु पुढच्याच वर्षीं, शिकागो येथें घरांच्या प्रश्नासाठीं मोर्चा निघाला असतां, ५ ऑगस्ट १९६६ रोजीं एक दगड किंग ह्यांच्या डोक्यास लागला. ज्या वस्त्यांतून ते दगड आले, त्यांतील बहुसंख्य लोक दर रविवारीं मिस्सेस जाणारे कॅथोलिक होते. मोर्च्यांतील धर्मगुरू व सिस्टर ह्यांसहि त्यांनीं शिव्या दिल्या. सेल्माची सिस्टर आपली, तसाच शिकागोचा दगडहि आपला. एकीचा अभिमान धरावयाचा, तर दुसऱ्याची लाजहि धरिली पाहिजे.

शेवटचा अंक मेंफिस शहरीं झाला. १ फेब्रुवारी १९६८ रोजीं तेथें एकॉल कोल व रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीच्या मागील भागांत शिरले. यंत्र अकस्मात् सुरू झालें, आणि ते चिरडून मेले. सुमारें तेराशें कामगारांनीं संप केला. मी माणूस आहें, एवढेंच त्यांच्या हातांतील फलकांवर लिहिलेलें होतें. जगभर कीर्ति झालेले किंग ह्या कचरा उचलणाऱ्यांसाठीं मेंफिसला गेले, आणि ४ एप्रिलच्या सायंकाळीं आपल्या मुक्कामाच्या सज्जांत उभे असतां मारेकऱ्याच्या गोळीस बळी पडले. वय एकोणचाळीस. त्यांचें शव खेचरांच्या साध्या गाड्यावरून नेण्यांत आलें. थोड्याच दिवसांत, १६ एप्रिलला, संप मिटला, आणि कामगारांचा संघ नगरपालिकेनें मान्य केला.

किंग ह्यांस आम्ही वेदीवर बसवूं इच्छीत नाहीं. त्यांच्या प्रबंधांत दुसऱ्यांचा मजकूर नांवावांचून घेतलेला होता, असा निर्णय बॉस्टन विद्यापीठाच्या समितीनें १९९१ सालीं दिला. वैवाहिक जीवनांतहि त्यांच्या हातून स्खलन झालें, हें त्यांच्या अगदीं निकटच्या सहकाऱ्यानेंच लिहून ठेवलें आहे. हें झांकण्याचें कारण नाहीं. परमेश्वर मातीच्या भांड्यांतूनच काम करतो. आणि जो आपल्या दुबळेपणासाठीं स्वयंपाकघरांत रडला, त्यानें आपण निर्दोष असल्याचें सोंग कधीं केलें नाहीं.

त्यांच्या वारशाविषयीं म्हणाल, तर कायदे झाले; १९८६ पासून त्यांच्या जन्मदिनानिमित्त अमेरिकेंत राष्ट्रीय सुटी असते; २०१५ सालीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं अमेरिकेच्या विधिमंडळापुढें ज्या चार अमेरिकनांचा गौरव केला, त्यांत किंग ह्यांचें नांव होतें. परंतु १९६५ च्या मतदान कायद्यांतील एक महत्त्वाचें कलम २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रद्द ठरविलें, ही गोष्टहि तितकीच खरी आहे. मिळविलेला न्याय राखावा लागतो. वडिलांनीं बांधलेलें घर मुलांनीं शाकारलें नाहीं, तर तें गळूं लागतें.

आपल्या हिंदुस्थानांतील ख्रिस्तसभेचें काय? २०१६ सालीं आपल्या बिशपमंडळानें दलितांच्या उन्नतीसंबंधीं धोरण प्रसिद्ध केलें, आणि आपल्या देवळांच्या आवारांतहि जातिभेद उरला आहे, हें त्यांत मान्य केलें. आपल्या धर्मग्रामांत तसें कांहीं नाहीं, असें आपण म्हणाल. दफनभूमींत आज भिंतीलगतची ओळ नाहीं, ह्याबद्दल देवाचे आभार. परंतु पालकाच्या सणास मूर्ति खांद्यावर घेण्याचा मान वर्षानुवर्षें कोणत्या घरांकडे जातो, आणि मिरवणुकीनंतर मंडप झाडणारे हात कोणाचे असतात, हें ज्यानें त्यानें मनाशीं आठवून पाहावें.

एक साधी गोष्ट सांगून पुरें करतों. ह्या महोत्सवाची स्मरणिका छापावयास जाणार आहे. तिच्यांत देणगीदारांची यादी आहे, आणि ती असलीच पाहिजे. त्यांच्या औदार्यावांचून हें देऊळ उभें राहिलें नसतें. परंतु पन्नास वर्षांपूर्वीं ज्यांनीं पाया खणला, ज्या बायांनीं डोक्यावरून दगड व चुना वाहिला, त्यांचें एकहि नांव त्या यादींत नाहीं. कचऱ्याच्या गाडींत मेलेल्या दोघांचीं नांवें आपणांस आज ठाऊक आहेत. आपलें देऊळ बांधणाऱ्यांचीं ठाऊक नाहींत. म्हणून स्मरणिकेचें एक पान आम्हीं कोरें ठेवावयास सांगितलें आहे. ज्यांच्या घरीं त्या दिवसांची आठवण असेल, त्यांनीं येत्या रविवारच्या मिस्सेनंतर साक्रिस्तींत येऊन तीं नांवें लिहून द्यावींत. आणि त्यांची मुलें-नातवंडें आपल्यांत असतील, तर ह्या वर्षीं पालकाची मूर्ति प्रथम त्यांच्या खांद्यावर देण्यांत यावी, अशी आमची समितीस विनंती आहे. ही विनंती करावयास आम्हांस फार उशीर झाला आहे. तरी हळूहळू होईल, असें आतां आम्ही म्हणणार नाहीं.

ज्या प्रभूनें कुष्ठ्यास हात लावला आणि शिष्यांचे पाय धुतले, तो आपणां सर्वांस त्याच्या एका मेजाभोंवतीं, एका ओळींत बसण्याची बुद्धि व बळ देवो. आमेन.